अधूनमधून येणारी खरखर

ध्वनियंत्रणेतला सगळ्यात सभ्य बिघाड म्हणजे यंत्र पार बंद पडणे. असा बिघाड जागचा हलत नाही, अनोळखी माणसासमोर लाजत नाही आणि दुरुस्तीचे पैसे देताना कोणी हुज्जत घालत नाही. अधूनमधून येणाऱ्या खरखरीचे तसे नाही. ती अ‍ॅम्प्लिफायरात असते, पण अ‍ॅम्प्लिफायर उघडला की नसते. भैरवी रंगात आली की येते, बातम्या लागल्या की जाते. तक्रार ऐकून दुरुस्तीवाला यंत्र टेबलावर चढवतो, चार तास चालवतो आणि म्हणतो, "चालू आहे की!" ग्राहक म्हणतो, "घरी येतो हो आवाज." दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसतो.

या बिघाडात दुरुस्ती हा शेवटचा आणि सोपा भाग आहे. सुटलेला डाग पुन्हा देणे किंवा पिन बदलणे हे दहा मिनिटांचे काम. खरा वेळ जातो तो खरखरीला बोलावून घेण्यात. ती हुकमी येऊ लागली की अर्धी पकडलीच म्हणायची. म्हणून या कामात तिला गप्प करण्याच्या उपायांपेक्षा तिला चिडवण्याचे उपाय जास्त मोलाचे ठरतात, आणि घरोघरी नेमके उलटे चालते.

पहिली पायरी आवाज ओळखण्याची. "कसा आवाज येतो?" असे विचारले की घरातला प्रत्येक जण वेगळी नक्कल करतो. आजोबांच्या मते तो 'खर्रर्र' असतो, सूनबाईंच्या मते 'फट्फट्', आणि धाकटा जो आवाज काढतो तो रिक्षा सुरू होण्याचा असतो. बहुतेक वेळा धाकट्याचाच बरोबर निघतो, कारण त्याने अजून कारणाचा विचार सुरू केलेला नसतो. जाणकाराला या नकलांतून पुष्कळ कळते. सलग 'घुंऽऽ' असेल तर ती विजेच्या पुरवठ्याची गुणगुण. भारतात वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. घुमणारा आवाज ५० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खर्जातला असेल, तर संशय अर्थिंगवर किंवा वायरीच्या वेष्टणावर घ्यायचा. त्याच्यावरच्या सप्तकातला, १०० हर्ट्झचा असेल, तर यंत्राच्या पोटातले वीज गाळणारे मोठे कपॅसिटर थकलेले असण्याचा संभव जास्त. खरखर, कुरकुर, फटफट हे सगळे कुठेतरी जोड सुटतो आहे आणि पुन्हा जुळतो आहे याचे लक्षण. माईक स्पीकरसमोर आला की उठणारी 'कूंऽऽ' ही शीळ मात्र बिघाडात मोडत नाही. तिथे यंत्र उत्तम चालू असते. ते स्वतःचेच बोलणे पुन्हा पुन्हा ऐकत असते. ही खोड सभेतल्या काही वक्त्यांनाही असते, पण त्यांना मागे सरकवता येत नाही.

उरला 'सूंऽऽ' असा बारीक फुत्कार. तो सगळ्याच यंत्रांत थोडाफार असतो आणि कोणी कितीही पैसे मोजले तरी पूर्ण जात नाही. विद्युतरोधात केवळ उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालते आणि तिचा आवाज होतो, हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली दाखवून दिले. तेव्हा ज्याची तक्रार 'काही लावले नाही तरी सूं येते' एवढीच असेल, त्याने आवाज कमी करावा किंवा काहीतरी लावावे.

घरगुती उपचारांत चापट मारण्याचा मान पहिला. या उपचाराला इतिहास आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओत काचेच्या नळ्या खोबणीत पिनांवर उभ्या असत, त्या पिनांवर गंज चढे, आणि डोक्यावर दिलेल्या थपडेने पिना जराशा घासून पुन्हा विद्युतवाहक होत. चापट तेव्हा खरोखर लागू पडे. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, ट्रान्झिस्टर गेले, चिप आल्या. चापट मात्र वडिलांकडून मुलाकडे येत राहिली. ती आजही कधीकधी लागू पडते, कारण सुटलेला जोड धक्क्याने जुळतो. अडचण अशी की जुळल्याबरोबर पुरावा नाहीसा होतो. चापट मारणाऱ्याला वाटते आजार बरा झाला, आणि तो पुढच्या रविवारी ऐन सामन्यात परततो. चापट मारायचीच असेल तर ती तपासणी म्हणून मारावी: हलकी, एका वेळी एकाच ठिकाणी, आणि आवाज बदलला का हे ऐकत. अशा वेळी तिला चापट म्हणत नाहीत आणि तिचे पैसे पडतात.

शोधाचे शास्त्र तसे साधे आहे. आवाज एका टोकाने आत येतो, दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. मधे कुठेतरी खरखर त्याला सामील होते. ती कुठे सामील होते, एवढेच ठरवायचे. पहिली परीक्षा व्हॉल्यूमच्या नॉबची. नॉब पूर्ण खाली आणल्यावर खरखर जात असेल तर उगम नॉबच्या आधी आहे. गाणे गेले पण खरखर राहिली तर नॉबच्या पुढे. एका बोटाने अर्धे यंत्र निर्दोष सुटते. दुसरी परीक्षा डाव्या-उजव्याची. खरखर डाव्या स्पीकरातून येत असेल तर यंत्र बंद करून मागच्या दोन्ही स्पीकरांच्या वायरींची अदलाबदल करावी. खरखर उजवीकडे गेली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरात किंवा त्याच्याही अलीकडे. डावीकडेच ठाण मांडून बसली तर त्या स्पीकरात किंवा त्याच्या वायरीत. सगळे शास्त्र या एवढ्यात आले. त्याला एकच नियम आहे, की एका वेळी एकच बदल करावा. तो पाळला जात नाही, कारण घरात माणसे एकाहून जास्त असतात. एक जण पिन हलवतो, त्याच क्षणी दुसरा स्विच बदलतो आणि तिसरा टीव्हीचा बॉक्स बंद करून चालू करतो. खरखर थांबते. तिघेही आपापला सिद्धांत आयुष्यभर सांगत राहतात.

जाणकारांचा अनुभव असा की बिघाड बहुधा यंत्रात नसतो, वायरीत असतो. आणि वायरीत असला तर मधल्या दहा मीटरांत नसतो, टोकाच्या दोन इंचांत असतो. हेडफोनची वायर पाहावी. तिच्यात केसासारख्या तांब्याच्या तारांची जुडी असते. पिनेच्या मुळाशी ती रोज वाकते आणि एकेक तार तुटत जाते. शेवटच्या दोन-चार तारा उरल्या की त्या कधी टेकतात, कधी सुटतात. आवरण वरून धडधाकट असते, त्यामुळे संशय मोबाइलवर, गाण्यावर, नेटवर्कवर, सरतेशेवटी स्वतःच्या कानावर जातो. मग मालकाला एक कोन सापडतो. वायर अंगठ्याभोवती एक वळसा देऊन, पिन किंचित खाली दाबून, मान डावीकडे कलती ठेवली की दोन्ही कानांत आवाज येतो. लोकलमध्ये असे मान कलती धरून बसलेले लोक दिसतात. ते संगीतात तल्लीन नसतात. ते वायर सांभाळत असतात.

मोठ्या पिनेची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या जॅकची, गोष्ट निराळी. ती मुळात एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरने फोन जोडण्यासाठी निघाली आणि अजून गिटारपासून कीबोर्डपर्यंत सगळीकडे तीच चालते. ती दणकट आहे, पण खोबणीतली तिला पकडणारी पत्ती कालांतराने सैल होते आणि पिनेवर ऑक्साइडचा थर बसतो. पिन चार-सहा वेळा आत-बाहेर केली की थर घासला जातो आणि खरखर थांबते. कोकणात आणि मुंबईत, खाऱ्या दमट हवेत, पावसाळ्यानंतर हा विधी जवळजवळ सणासारखा करावा लागतो.

माईकच्या तीन पिनांच्या केबलीची रचना हुशारीची आहे. आत दोन तारा असतात आणि भोवती जाळीचे वेष्टण. एकच आवाज दोन तारांतून परस्परविरुद्ध पाठवला जातो आणि पलीकडे दोन्हींतला फरक घेतला जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो. या हुशारीचा तोटा असा की दोनांतली एक तार तुटली तरी केबल लगेच मरत नाही. आवाज येत राहतो, पण बारीक, आणि वाटेतला सगळा कचरा घेऊन. साऊंडवाला "माईक खराब झालाय" म्हणून माईक बदलतो, मग दुसरा बदलतो, आणि दोन्ही निर्दोष माईक पेटीत कायमचे बदनाम होऊन पडतात. ज्या कंडेन्सर माईकना याच केबलीतून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात, तिथे तुटका जोड नुसता खरखरत नाही, गोळीबार करतो.

या तारा तुटतात कशाने? गुंडाळण्याने. कार्यक्रम संपला की उत्साही कार्यकर्ता केबल अंगठा आणि कोपर यांच्यात भराभरा गुंडाळतो. या पद्धतीत प्रत्येक वेढ्याला केबलीला एक पीळ बसतो, आणि पीळ साठत साठत आतल्या तारा आणि वेष्टण यांची फारकत होते. मोठ्या गोल वेटोळ्यात, एक वेढा सुलट आणि एक उलट असे गुंडाळले की पीळ बसत नाही. ही पद्धत शिकायला पाच मिनिटे लागतात. ती न शिकण्याची परंपरा बऱ्याच उत्सव मंडळांनी निष्ठेने जपली आहे. माईकमध्ये 'फू फू' करून तो चालू आहे का ते पाहण्याची परंपराही त्याच मालिकेतली. फुंकरीने ओल आत जाते आणि माईक चालू होता की नाही हा प्रश्न पुढच्या वर्षी खरोखर उपस्थित होतो.

आता यंत्राच्या आत. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खर्र होते, स्थिर ठेवल्यावर नाही, तर दोष नॉबखालच्या कार्बनच्या पट्टीवरच्या धुळीचा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि नॉबच्या इकडून तिकडे वीसेक फेऱ्या, एवढ्याने काम होते. घरात फवारा नसतो आणि शिवणयंत्राचे तेल असते, म्हणून पुष्कळदा तेच सोडले जाते. खरखर लगेच थांबते. तेलाने महिनाभर जमवलेल्या धुळीसह ती परत येते तेव्हा तिला क्लीनरही आवरत नाही. साफ केलेला नॉब आठवड्यात पुन्हा खरखरू लागला तर मात्र नॉबचा पिच्छा सोडावा. त्याच्या आधीचा कपॅसिटर गळत असतो आणि नको ती डीसी वीज पट्टीवर येत असते.

पुष्कळशा अ‍ॅम्प्लिफायरांत बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी 'टिक्' असे वाजते. तो स्पीकर जोडणारा रिले. त्याच्या संपर्कबिंदूंवर काजळी बसली की हळू आवाजात एक बाजू विरून जाते आणि आवाज जोरात वाढवला की परत येते, कारण मोठा प्रवाह त्या थरातून वाट काढतो. यंत्राची प्रकृती अशी जोरात वाजवल्याने सुधारते हे मालकाला कळले, की शेजाऱ्यांची बिघडू लागते.

सगळ्यात कसबी लपणारा गुन्हेगार म्हणजे सोल्डरचा कच्चा डाग. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि पटकन गोठते. गोठताना सुट्या भागाचा पाय किंचित हलला किंवा तो पुरेसा तापलेला नसला, तर डाग वरून बसतो, आतून बसत नाही. चांगला डाग तरीही वर्षानुवर्षे तापून-निवून थकतो. जिथे पिना ओढल्या-खुपसल्या जातात तिथे विशेषच. भिंगाखाली पाहिले तर डागाच्या चकचकीत उंचवट्यात, पायाभोवती, केसाइतकी बारीक काळी वर्तुळाकार रेघ दिसते. ती रेघ म्हणजे खरखर. यंत्र तापले की धातू प्रसरण पावतो आणि भेग मिटते किंवा उघडते. "पंधरा मिनिटे बरे चालते, मग सुरू होते" आणि "सुरुवातीला येते, मग जाते" या दोन्ही तक्रारींचे मूळ हेच. दुकानात झाकण उघडले की हवा लागते, यंत्र गार राहते आणि भेग मिटलेलीच राहते. बिघाड लाजतो असे वाटते ते यामुळे.

त्याला चिडवण्याची साधने साधी आहेत. लाकडी काडीने एकेका भागावर हलकेच टकटक करायचे. हेअर ड्रायरने सर्किट बोर्डाचा एक कोपरा तापवायचा; मग गारव्याच्या फवाऱ्याने एकेक भाग थंड करायचा. ज्या भागाला स्पर्श होताच स्पीकर 'खर्र' म्हणतो, तो सापडला. हे काम जाणकाराचेच, कारण प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत भार उरतो आणि तो हात लावणाऱ्याची विद्वत्ता विचारत नाही.

कधीकधी मात्र यंत्र, वायर, पिन सगळे निर्दोष असते आणि खरखर बाहेरून येते. फ्रिज चालू-बंद होताना 'टक्' होते. स्वयंपाकघरात चटणी वाटायला घेतली की मिक्सरच्या मोटारीतल्या ब्रशांच्या ठिणग्यांनी बैठकीच्या खोलीत खरखर सुरू होते. मंडपात खरखर ठरावीक तालात येत असेल तर लुकलुकणाऱ्या माळेकडे पाहावे. त्याहून वाईट म्हणजे प्लग न लावता सॉकेटात उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्या ठोकून बसवण्याची कला. त्या वायरी सैल झाल्या की ठिणग्या उडतात आणि खरखर हा त्यातला सगळ्यात कमी चिंतेचा भाग असतो. वक्त्याच्या खिशात टूजी नेटवर्कवरचा मोबाइल असेल, तर त्याचे प्रसारण सेकंदाला सुमारे २१७ स्पंदांत होते आणि ध्वनियंत्रणेत 'टिर्र-टिर्र-टिर्र' उमटते. फोन वाजण्याआधीच सभागृहाला बातमी कळते. फक्त ज्याचा फोन आहे तो शांतपणे 'मूल्यशिक्षण' या विषयावर बोलत असतो.

नाट्यगृहातली खरखर याहून रसिक. जुन्या पद्धतीचे डिमर दिवे मंद करतात ते विजेच्या लहरीचा प्रत्येक भाग मधेच कापून, सेकंदाला १०० वेळा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते. दिवे अर्धे असताना काप नेमका शिखरावर पडतो, विजेला सर्वांत मोठी उडी मारावी लागते आणि गोंगाट सर्वांत जास्त होतो. पूर्ण उजेडात तो नसतो, पूर्ण अंधारातही नसतो. त्यामुळे फार्सचा प्रयोग स्वच्छ पार पडतो. शोकांतिकेत मात्र अर्ध्या प्रकाशात आई अखेरचे काही सांगू लागली की स्पीकरातून 'झुंऽऽ' येते. दिव्यांच्या आणि माईकच्या केबली शेजारीशेजारी न नेता दूर ठेवाव्यात, ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. पुष्कळ फरक पडतो.

लॅपटॉप चार्जरला लावला की घुंऽऽ आणि काढला की शांत, असे असेल तर दोष अर्थिंगच्या वेढ्याचा. दोन यंत्रे दोन ठिकाणच्या अर्थिंगला जोडलेली असतात, दोहोंत थोडा फरक असतो आणि तो आवाजाच्या वायरीतून वाहू लागतो. सगळे एकाच बोर्डावर घ्यावे किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. थ्री-पिनमधली अर्थिंगची पिन काढून टाकली तरी गुणगुण थांबते आणि हा उपाय सांगणारा तज्ज्ञ प्रत्येक गावात असतो. तो उपाय जीवघेणा आहे. यंत्राच्या धातूत वीज उतरली तर ती जाण्याची सुरक्षित वाट त्या पिनेतूनच असते, आणि ती नसली तर वाट गायकातून निघते.

बाहेरून येणाऱ्या खरखरीचा पाठलाग सगळ्यात दूरवर नेला तो कार्ल जान्स्की याने. अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये गोंगाट कुठून येतो हे शोधण्यासाठी बेल कंपनीने त्याला नेमले. त्याने न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे फोर्ड मोटारीच्या चाकांवर फिरणारा अँटेना उभारला. जवळच्या वादळांचा आणि दूरच्या वादळांचा आवाज वेगळा काढल्यावर एक मंद फुत्कार उरला. तो रोज येई, पण रोज चार मिनिटे लवकर. सूर्याचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणजे उगम आकाशगंगेत होता. त्याने हे १९३३ साली जाहीर केले आणि रेडिओ खगोलशास्त्र सुरू झाले. नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आज तोच फुत्कार ऐकते, आणि त्याची तीव्रता मोजण्याच्या एककाचे नाव जान्स्की असे आहे. त्याने मात्र खरखर कधी येते याची वेळ लिहून ठेवली होती. घराघरांतून ही एक गोष्ट सोडून बाकी सगळे केले जाते.

तेव्हा यंत्र दुकानात नेण्याआधी एका चिठ्ठीवर लिहावे: आवाज कसा येतो, चालू केल्यावर किती वेळाने, कोणत्या बाजूने, नॉबने कमी होतो का, आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू असते. ही चिठ्ठी दुरुस्तीवाल्याचा दीड दिवस वाचवते. आणि यंत्राबरोबर त्याच्या सगळ्या वायरी पिशवीत घालून न्याव्यात, जुन्या आणि 'चांगल्या' सुद्धा. बहुतेक लोक नुसता अ‍ॅम्प्लिफायर नेतात. तिथे त्याला दुकानातली चांगली वायर लावली जाते, तो उत्तम वाजतो, आणि तपासणीचे पैसे देऊन मालक घरी येऊन त्याला पुन्हा तीच तुटकी वायर जोडतो.